कॉफी (पेय) : निवड व घरगुती कृती

कॉफी (पेय) : कदंब कुलातील (रुबिएसी) कॉफिया या प्रजातीच्या झाडांच्या बिया भाजून, दळून व त्यांचा पाण्यात अर्क उतरवून केलेले उत्तेजक पेय. प्रस्तुत नोंदीत कॉफीची लागवड व व्यापार यांचा केवळ आनुषंगिक उल्लेख केला असून, आपल्या रुचीप्रमाणे कॉफी कशी निवडावी आणि यंत्राच्या साहाय्यावाचून ती घरी कोणत्या पद्धतींनी करता येते, याचे विवेचन केले आहे.

मराठीत ‘कडक कॉफी’ हा शब्दप्रयोग तीन निरनिराळ्या गुणांसाठी सरसकट वापरला जातो : पेयात विरघळलेल्या पदार्थांचे प्रमाण म्हणजे तीव्रता, जिभेला जाणवणारा कडवटपणा आणि कॅफिनाचे प्रमाण. हे तीन गुण बऱ्याच अंशी परस्परांपासून स्वतंत्र आहेत. कॉफी तीव्र असूनही कडू नसणे किंवा पाणचट असूनही कडू असणे शक्य आहे. किंबहुना घरगुती कॉफीत दुसरा प्रकार फार आढळतो. हा भेद लक्षात न आल्यामुळे बहुधा उलटी दुरुस्ती केली जाते. कॉफी कडू झाली की पूड कमी घालतात व फिकी झाली की ती अधिक वेळ उकळतात. दोन्ही उपायांनी कडवटपणा वाढतोच. हे का घडते, हे कळण्यासाठी बियांपासून पेल्यापर्यंतचा क्रम पाहणे आवश्यक आहे.

जाती : व्यापारात दोन जातींना महत्त्व आहे. कॉफिया अरेबिका ही मूळची नैर्ऋत्य इथिओपियाच्या डोंगराळ भागातील असून कॉ. कॅनेफोरा (रोबस्टा) ही मध्य व पश्चिम आफ्रिकेतील आहे. भारतात अरेबिकाची लागवड साधारणपणे १,००० ते १,५०० मी. व रोबस्टाची ५०० ते १,००० मी. उंचीवर होते. अरेबिकाच्या बियांत शर्करा व मेद अधिक आणि कॅफीन सु. १·२ टक्के असते. रोबस्टात शर्करा व मेद कमी, पण क्लोरोजेनिक अम्ले अधिक व कॅफीन सु. २·२ टक्के असते. त्यामुळे अरेबिकाची कॉफी सुगंधी, सौम्य व किंचित आंबूस लागते, तर रोबस्टाची दाट, कडवट व मातकट वळणाची असते. म्हणून रोबस्टा हलकी समजण्याची प्रथा असली, तरी ती सर्वस्वी योग्य नाही. दुधाबरोबर घ्यावयाच्या कॉफीत दुधाच्या चवीवर उठून दिसणारा दाटपणा रोबस्टामुळेच येतो आणि ओल्या पद्धतीने काळजीपूर्वक तयार केलेली रोबस्टा स्वच्छ चवीची असते.

सतराव्या शतकात बाबा बुडन या सूफी साधूने येमेनमधून सात बिया आणून त्या चिकमगळूरजवळील चंद्रगिरी डोंगरावर लावल्या, अशी परंपरागत कथा आहे. आज भारताच्या एकूण उत्पादनातील सु. ७० टक्के वाटा कर्नाटकाचा असून त्याखालोखाल केरळ व तमिळनाडू यांचा क्रम लागतो. उत्पादनात रोबस्टाचे प्रमाण दोन-तृतीयांशाहून अधिक आहे व मालाचा बराच मोठा भाग निर्यात होतो. महाराष्ट्रात अमरावती जिल्ह्यातील चिखलदरा येथे कॉफीची अल्प लागवड आहे. कूर्ग, चिकमगळूर, बाबाबुडनगिरी व अराकू खोरे येथील अरेबिका आणि वायनाडची रोबस्टा यांना २०१९ साली भौगोलिक निर्देशन मिळाले. वेष्टनावरील अशा नावांवरून मूलस्थान समजते. परंतु चव केवळ मूलस्थानावर ठरत नाही.

प्रक्रिया व प्रतवारी : पिकलेल्या फळाचा गर काढून, बियांवरील चिकट थर आंबवून व धुऊन त्या वाळविल्यास तिला ओली पद्धत म्हणतात. या पद्धतीच्या अरेबिकाला भारतीय बाजारात ‘प्लँटेशन’ व रोबस्टाला ‘पार्चमेंट’ म्हणतात. फळे तशीच उन्हात वाळवून मग टरफल काढलेल्या मालाला ‘चेरी’ असे नाव आहे. ओल्या पद्धतीच्या कॉफीत आंबूसपणा स्पष्ट व चव निर्मळ असते. कोरड्या पद्धतीच्या कॉफीत गोडसरपणा व दाटपणा अधिक असतो. ए, बी, सी ही अक्षरे बियांचा आकार दर्शवितात, स्वादाची प्रत नव्हे. ‘पीबेरी’ म्हणजे फळात दोनऐवजी एकच गोल बी वाढल्यास मिळणारा माल. बियांचा आकार सारखा असल्यास त्या सारख्या भाजल्या जातात, हा प्रतवारीचा खरा लाभ होय.

‘मॉन्सून्ड मलबार’ हा प्रकार पश्चिम किनाऱ्याचे वैशिष्ट्य आहे. शिडाच्या जहाजांतून यूरोपला जाताना कित्येक महिने दमट हवेत राहिल्याने बिया फुगून पिवळसर होत व त्यांचा आंबूसपणा नाहीसा होई. वाफेच्या बोटी व १८६९ मध्ये खुला झालेला सुएझ कालवा यांमुळे प्रवासाचा काळ घटला आणि हा बदल होईनासा झाला. परंतु ग्राहकांना त्या चवीची सवय झालेली होती. म्हणून वाळलेली चेरी कॉफी जून ते सप्टेंबर या काळात किनाऱ्यावरील हवेशीर गुदामांत पसरून, तिला पावसाळी वारे लागू देऊन तोच परिणाम घडवून आणतात. आंबूसपणा मुळीच न आवडणाऱ्यांना ही कॉफी मानवते.

भाजणी : कच्ची बी हिरवट, कठीण व जवळजवळ गंधहीन असते. सु. १८० ते २३०° से. तापमानापर्यंत भाजताना तीतील पाणी निघून जाते, शर्करा व ॲमिनो अम्ले यांच्यातील विक्रियांनी तपकिरी रंग व शेकडो सुगंधी द्रव्ये निर्माण होतात आणि बी फुगून सच्छिद्र व ठिसूळ होते. सु. २००° से.च्या आसपास बिया लाहीप्रमाणे तडतडतात, त्याला पहिला तडका म्हणता येईल, पुढे सु. २२५° से.ला दुसरा, अधिक हलका तडका होतो. पहिल्या तडक्यानंतर लवकर उतरविलेली फिकी भाजणी आंबूस व फुलाफळांच्या गंधाची असते. दोन तडक्यांच्या मध्यावरील मध्यम भाजणीत गोडवा व आंबूसपणा यांचा समतोल असतो. दुसऱ्या तडक्याच्या पुढे गेलेल्या गडद भाजणीत पृष्ठभागावर तेल दिसू लागते व कडवटपणा, जळकट गंध आणि दाटपणा वाढतो. या टप्प्यावर निरनिराळ्या ठिकाणच्या कॉफींमधील भेद पुसट होतात. म्हणून उत्तम मळ्यातील महाग कॉफी घेऊन ती गडद भाजलेली निवडणे व्यर्थ खर्चाचे ठरते.

कडवटपणाचा लहानसा भागच कॅफिनामुळे येतो. बहुतांश कडवटपणा भाजताना क्लोरोजेनिक अम्लांपासून बनणाऱ्या लॅक्टोनांमुळे आणि गडद भाजणीत त्यांच्याही विघटनातून तयार होणाऱ्या संयुगांमुळे येतो. कॅफीन भाजणीत फारसे घटत नाही. त्यामुळे गडद, कडू कॉफीत कॅफीन अधिक असते हा समज निराधार आहे. अधिक कॅफीन हवे असल्यास जात बदलावी लागते, भाजणी नव्हे.

चिकोरी : चिकोरीची (सायकोरियम इंटिबस) मुळे भाजून केलेली पूड कॉफीत मिसळण्याची प्रथा यूरोपातून आली व दक्षिण भारतात रूढ झाली. तीत कॅफीन नसते. कॉफीच्या पुडीचा जेमतेम तीस टक्के भाग पाण्यात विरघळू शकतो, तर चिकोरीचा निम्म्याहून अधिक भाग विरघळतो. त्यामुळे मिश्रणाचा अर्क गडद, दाट व गोडसर-कडू होतो आणि दुधात त्याचा रंग चांगला येतो. १० ते २० टक्के चिकोरी ही रुचीची बाब आहे. मात्र भारतातील अन्नसुरक्षा व मानके यांविषयीच्या २०११ च्या विनियमांनुसार मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के असली की पुरते व दोहोंचे प्रमाण वेष्टनावर छापणे बंधनकारक असते. म्हणजे ‘फिल्टर कॉफी’ म्हणून घेतलेल्या पुडीत जवळजवळ निम्मी चिकोरी असू शकते. गडद रंगावरून कॉफीची प्रत ठरविणारा ग्राहक येथे फसतो. तेव्हा वेष्टनावरील टक्केवारी वाचणे, ही निवडीची पहिली पायरी होय.

दळण : बी अखंड असताना स्वादद्रव्ये तिच्या पेशींत बंदिस्त असतात. दळल्यावर पृष्ठफळ अनेक पटींनी वाढते व पाण्याला ती सहज विरघळविता येतात. त्याच कारणाने हवेतील ऑक्सिजनही पुडीवर लवकर परिणाम करतो. कणांचा आकार हा पाण्याशी संपर्काच्या कालावधीशी जुळता हवा. चार मिनिटे मुरवावयाच्या कॉफीला जाड रव्यासारखी, कागदातून गाळावयाच्या कॉफीला बारीक रव्यासारखी व तुर्की पद्धतीला मैद्यासारखी पूड लागते. कण सारखे असणेही महत्त्वाचे आहे. मिक्सरच्या पात्यांनी बी तुटते, दळली जात नाही. त्यामुळे काही कण भरड व काही पिठासारखे राहतात. भरड कणांतून आंबट व पिठातून कडू अर्क एकाच पेल्यात उतरतो. जात्याप्रमाणे दोन दातेरी पृष्ठभागांमध्ये बी चिरडणारे हातचक्कीचे साधन यासाठी अधिक योग्य. ते नसल्यास मिक्सर थांबवत थांबवत फिरवावा व पूड पिठाच्या चाळणीने चाळून अगदी बारीक भाग वेगळा करावा. किंवा भाजणाऱ्या दुकानातून आपल्या पद्धतीस अनुरूप अशी पूड थोडी थोडी दळून आणावी.

निष्कर्षणाची तत्त्वे : पुडीतील विद्राव्य पदार्थ एकदम उतरत नाहीत. प्रथम अम्ले व हलकी सुगंधी द्रव्ये, त्यानंतर गोडसर पदार्थ आणि शेवटी कडू व तुरट पदार्थ, असा स्थूल क्रम असतो. निष्कर्षण अपुरे राहिल्यास कॉफी आंबट व पोकळ लागते; प्रमाणाबाहेर झाल्यास कडू, तुरट व घशाला कोरडी लागते. अमेरिकेत १९५२ मध्ये स्थापन झालेल्या कॉफी ब्रूइंग इन्स्टिट्यूटसाठी मॅसॅचूसेट्स तंत्रविद्या संस्थेतील अर्नेस्ट अर्ल लॉकहार्ट यांनी १९५७ मध्ये या दोन गुणांचा आलेख मांडला. पुडीच्या वजनाच्या १८ ते २२ टक्के पदार्थ उतरावेत व पेयात त्यांचे प्रमाण सु. १·१५ ते १·३५ टक्के असावे, असा त्यांचा निष्कर्ष अनेक दशके प्रमाण मानला गेला. तो अमेरिकी चवीला धरून काढलेला आहे. तथापि तीव्रता व निष्कर्षण या दोन स्वतंत्र राशी आहेत, हे त्यातील तत्त्व सर्वत्र लागू पडते.

उदाहरणार्थ, १४ ग्रॅ. पुडीवर २५० मिलि. पाणी घातल्यास पूड आपल्या वजनाच्या सु. दुप्पट म्हणजे २८ मिलि. पाणी धरून ठेवते व सु. २२२ मिलि. पेय मिळते. पुडीतील २० टक्के म्हणजे २·८ ग्रॅ. पदार्थ उतरल्यास पेयाची तीव्रता सु. १·२६ टक्के होते. आता काटकसर म्हणून किंवा कडवटपणा कमी व्हावा म्हणून पूड ८ ग्रॅ. केली आणि पाणी तेवढेच ठेवले, तर प्रत्येक कणाच्या वाट्याला अधिक पाणी येते. त्यातून शेवटचे कडू पदार्थही निघून येतात, पण एकूण पदार्थ कमी असल्याने पेय पाणचटच राहते. पाणचट व कडू अशा घरगुती कॉफीचे कारण हे असते. तिच्यावर उपाय म्हणजे पूड वाढविणे व ती थोडी जाड दळणे. झालेली कॉफी फार तीव्र वाटल्यास तीत गरम पाणी मिसळावे; त्याने तीव्रता घटते, पण कडवटपणा वाढत नाही.

पाणी व तापमान : पेल्यातील कॉफीचा ९८ टक्क्यांहून अधिक भाग पाणी असते. जड पाण्यातील बायकार्बोनेटे कॉफीतील अम्लांचे उदासिनीकरण करतात व चव सपाट, खडूसारखी होते. अगदी क्षारविरहित पाण्यातही स्वाद नीट उतरत नाही. मुंबईला पुरविले जाणारे तलावांचे पाणी मृदू असल्याने फिक्या भाजणीचा आंबूसपणा त्यात स्पष्ट कळतो. विंधणविहिरीच्या जड पाण्यात तीच कॉफी निस्तेज लागते. तेथे मध्यम अथवा गडद भाजणी श्रेयस्कर.

गाळून करावयाच्या कॉफीसाठी पाण्याचे तापमान ९० ते ९६° से. असावे, असे सर्वसाधारणपणे सांगतात. समुद्रसपाटीवर उकळते पाणी अर्धा-एक मिनिट थांबवून वापरल्यास हे साधते. दर ३०० मी. उंचीमागे उत्कलनबिंदू सु. १° से.ने उतरत असल्याने महाबळेश्वरसारख्या ठिकाणी (उंची सु. १,३५० मी.) उकळते पाणीच सु. ९५·५° से. असते व थांबण्याची गरज नसते. तापमानाचे महत्त्व मात्र वाजवीपेक्षा अधिक मानले जाते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत तीव्रता व निष्कर्षण समान ठेवल्यावर ८७, ९० व ९३° से. या तापमानांच्या कॉफींच्या चवीत फारसा फरक आढळला नाही. त्यामुळे घरी तापमापकापेक्षा वजनकाटा अधिक उपयोगी पडतो. जाड व बारीक दळलेल्या आणि फिक्या व गडद भाजलेल्या कॉफीचे चमचाभर वजन एकसारखे नसते, म्हणून चमच्याचे माप फसवे असते.

पद्धती : हाताने कॉफी करण्याच्या पद्धतींचे उकळणे, मुरविणे, गाळणे व दाब देणे असे चार गट पडतात.

(१) उकळणे : ही सर्वांत जुनी पद्धत. तुर्कस्तानात लांब दांड्याच्या लहान तांब्याच्या भांड्यात मैद्यासारखी पूड, पाणी व हवी तर साखर एकत्र घालून मंद आचेवर फेस वर येईपर्यंत तापवितात व खळखळ उकळी येण्यापूर्वी उतरवितात. गाळ पेल्याच्या तळाशी बसू देतात. या परंपरेचा २०१३ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या सूचीत समावेश झाला.

महाराष्ट्रातील घरोघरी रूढ असलेली कॉफी याच गटातील आहे. दुधात वा दूधपाण्यात पूड व साखर घालून उकळतात, जायफळ किंवा वेलदोडा घालतात आणि चहाच्या गाळण्याने गाळतात. पूड बराच वेळ खळखळत राहिल्याने सुगंधी द्रव्ये वाफेबरोबर निघून जातात व कडू-तुरट पदार्थ उतरतात. साखर, दूध व जायफळ यांनी ही उणीव झाकली जाते. दुधातील केसीन हे प्रथिन तुरट पदार्थांशी संयोग पावत असल्याने तुरटपणा कमी जाणवतो. मूळ चव न बदलता ही पद्धत सुधारता येते. प्रथम थोडे पाणी उकळून खाली उतरवावे, त्यात पूड घालून झाकण ठेवून चार मिनिटे मुरू द्यावी, मग ती गाळून तापविलेले दूध मिसळावे. जायफळाचा गंधही बाष्पनशील असल्याने ते सर्वांत शेवटी किसून घालावे.

(२) मुरविणे : पूड व गरम पाणी ठराविक वेळ एकत्र ठेवून मग वेगळे करतात. ‘फ्रेंच प्रेस’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या काचेच्या पात्रात तारेची जाळी लावलेला दट्ट्या असतो. त्याचे एक एकस्व फ्रान्समध्ये १८५२ साली घेतले गेले. आजच्या रूपाशी जुळणारे पात्र इटलीत १९२९ मध्ये आत्तिल्यो कालिमानी यांच्या नावे नोंदले गेले. जाड पूड दर लिटरला सु. ६० ग्रॅ. घेऊन त्यावर पाणी ओतावे, चार मिनिटांनी वरची साय ढवळून फेस काढावा, मिनिटभर थांबून दट्ट्या हलकेच दाबावा व कॉफी लगेच पेल्यांत ओतावी; चोथ्याबरोबर ती तशीच ठेवल्यास निष्कर्षण चालूच राहते. जाळीतून तेल व बारीक कण येत असल्याने ही कॉफी दाट लागते. चूक सांभाळून घेणारी म्हणून नवशिक्याला हीच पद्धत योग्य होय. झाकणाचे कोणतेही भांडे व कापड यांनीही ती करता येते.

थंड पाण्यात जाड पूड १२ ते १८ तास मुरवूनही कॉफी करतात. थंड पाण्यात अम्ले व कडू पदार्थ कमी उतरत असल्याने ती सौम्य व गोडसर लागते. मुरत असताना ती शीतकपाटात ठेवणे इष्ट.

(३) गाळणे : पुडीवर पाणी ओतून ते गुरुत्वाकर्षणाने खाली झिरपू देतात. जर्मनीतील ड्रेझ्डेन येथील गृहिणी मेलिटा बेन्ट्झ यांनी मुलाच्या वहीतील टिपकागद, छिद्रे पाडलेल्या पितळी भांड्यात घालून कॉफी गाळली व १९०८ मध्ये त्याचे एकस्व घेतले. शंकूच्या आकाराच्या गाळणीत कागद बसवून तो प्रथम गरम पाण्याने भिजवितात; त्यामुळे कागदाचा वास जातो. पुडीवर तिच्या वजनाच्या दुप्पट पाणी ओतून अर्धा मिनिट थांबतात. ताज्या भाजलेल्या पुडीतील कार्बन डाय-ऑक्साइड बाहेर पडून ती फुगते; वायू आधी निघून गेला नाही, तर पाणी कणांत सारखे शिरत नाही. उरलेले पाणी बारीक धारेने, गोलाकार ओततात. एकूण वेळ अडीच ते साडेतीन मिनिटे असावा; लवकर झिरपल्यास पुढच्या वेळी पूड बारीक करावी, तुंबल्यास जाड करावी. कागदात तेल व कण अडकत असल्याने कॉफी स्वच्छ, हलकी व सुगंधी उतरते. मळ्यामळ्यांतील भेद ओळखावयाचे असतील व कॉफी दुधाविना घ्यावयाची असेल, तर ही पद्धत सर्वोत्तम.

दक्षिण भारतीय फिल्टर याच तत्त्वावर चालतो. पितळेची अथवा पोलादाची दोन नळकांडी एकमेकांवर बसतात. वरच्याच्या तळाला बारीक छिद्रे असून पुडीवर दांडीची छिद्रित चकती ठेवतात. २० ग्रॅ. पूड सारखी पसरून, चकतीने हलकेच दाबून त्यावर सु. १२० मिलि. उकळते पाणी ओततात व झाकण ठेवतात. पंधरा-वीस मिनिटांत सु. ८० मिलि. दाट अर्क खाली जमतो. त्याला डिकॉक्शन म्हणतात. त्याची तीव्रता कागदातून गाळलेल्या कॉफीच्या तीन-चार पट असते. म्हणूनच एका भाग अर्कात दोन ते तीन भाग गरम दूध घालूनही कॉफीची चव टिकते. अर्क पुन्हा उकळू नये, दूध तापवावे. चोथ्यावर दुसऱ्यांदा पाणी घालून काढलेल्या अर्कात प्रामुख्याने कडू-तुरट पदार्थच येतात. तो पहिल्यात मिसळणे ही खरी काटकसर नव्हे.

(४) दाब देणे : १९३३ मध्ये इटलीत अल्फोन्सो बिआलेत्ती यांनी प्रचारात आणलेल्या ‘मोका’ भांड्यात खालच्या कप्प्यातील वाफेचा दाब पाणी पुडीतून वर ढकलतो. खालचे पाणी झडपेच्या खालीच असावे, पूड न दाबता सपाट भरावी व आच मंद ठेवावी. गुरगुर ऐकू येताच भांडे उतरवावे. त्यानंतर येणारी वाफ कॉफी जाळते. दाब फार कमी असल्याने ही कॉफी एस्प्रेसो नव्हे, एस्प्रेसोस सु. ९ वातावरणांचा दाब लागतो. २००५ मध्ये अमेरिकेत ॲलन ॲडलर यांनी बाजारात आणलेल्या ‘एअरोप्रेस’मध्ये पूड एक-दोन मिनिटे मुरवून हाताच्या दाबाने ती कागदातून ढकलतात, एका माणसास व प्रवासात ते सोयीचे असते.

झटपट कॉफी ही आधीच अर्क काढून वाळविलेली पूड असल्याने तीत निष्कर्षणाचा प्रश्नच उरत नाही. केवळ प्रमाण बदलता येते.

रुचीनुसार निवड : दूध-साखर घालून दाट कॉफी आवडत असल्यास मध्यम ते गडद भाजलेली अरेबिका व रोबस्टा यांचे मिश्रण, रुचीप्रमाणे थोडी चिकोरी व फिल्टर किंवा मोका भांडे निवडावे. दुधाविना पण आंबूसपणा नको असल्यास मॉन्सून्ड मलबार अथवा मध्यम भाजलेली चेरी कॉफी मुरवून घ्यावी. फळासारखा आंबूसपणा व सुगंध हवा असल्यास फिकी वा मध्यम भाजलेली प्लँटेशन अरेबिका कागदातून गाळावी. चहाच्या हलक्या चवीची सवय असलेल्यांना हाच शेवटचा प्रकार पुष्कळदा रुचतो.

पुढील दुरुस्त्या सर्व पद्धतींना लागू आहेत. आंबट व पोकळ कॉफीसाठी पूड बारीक करावी किंवा वेळ वाढवावा. कडू व तुरट कॉफीसाठी पूड जाड करावी किंवा वेळ कमी करावा. चव चांगली पण फिकी असल्यास पूड वाढवावी. चव चांगली पण फार तीव्र असल्यास पाणी मिसळावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, अन्यथा परिणामाचे कारण कळत नाही. हे सर्व करूनही कॉफी जळकट, खवट वा मातकट लागत असेल, तर दोष कृतीत नसून मालात आहे असे समजावे.

साठवण : भाजल्यानंतर बियांतून काही दिवस कार्बन डाय-ऑक्साइड बाहेर पडत राहतो, म्हणून भाजणीनंतर चार-पाच दिवसांनी कॉफी अधिक चांगली लागते. अखंड बिया हवाबंद डब्यात अंधाऱ्या, थंड जागी तीन-चार आठवडे चांगल्या राहतात. पुडीचा सुगंध काही दिवसांतच मंदावतो. कोकणासारख्या दमट हवेत पावसाळ्यात पूड ओलावा शोषून गुठळ्या धरते. उघडलेला डबा शीतकपाटातून वारंवार आतबाहेर केल्यास त्यात दव धरते व इतर पदार्थांचे वास लागतात. म्हणून महिन्याची पूड एकदम न घेता आठवड्यापुरती घ्यावी व वेष्टनावर भाजणीची तारीख असल्यास ती पाहावी.

आरोग्य : १० ग्रॅ. अरेबिकात सु. १२० व तितक्याच रोबस्टात सु. २२० मिग्रॅ. कॅफीन असते आणि त्यातील बहुतेक पेयात उतरते. यूरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१५ मध्ये निरोगी प्रौढांसाठी दिवसाला ४०० मिग्रॅ.पर्यंत व गर्भवती स्त्रियांसाठी २०० मिग्रॅ.पर्यंत कॅफीन निर्धोक मानले. कॉफीच्या तेलातील कॅफेस्टॉल व काहवेऑल या द्रव्यांनी रक्तातील कोलेस्टेरॉल वाढते. उकळलेल्या व जाळीतून गाळलेल्या कॉफीत ती अधिक असतात, तर कागदात ती जवळजवळ पूर्णपणे अडकतात. कोलेस्टेरॉल वाढलेल्या व रोज अनेक पेले घेणाऱ्या व्यक्तींनी कागदातून गाळलेली कॉफी पसंत करावी. अशा प्रसंगी पद्धतीची निवड ही केवळ चवीची बाब राहत नाही.